मागचा आवाज

बँडवाल्यांनी योगराजला कळवलं होतं, "हात चांगला आहे, ताल तर एकदम पक्का. फक्त रेकॉर्डिंगमधला मागचा आवाज काढून उद्यापर्यंत परत पाठव."

झालं, योगराजच्या अंगात साउंड इंजिनिअर संचारला. इलेक्ट्रिक गिटारची घरघर जावी म्हणून त्याने पंखा, फ्रिज, ट्यूबलाइट सगळं बंद केलं, नवी केबल आणली आणि सुरतच्या उकाड्यात दाराला गादी लावून घेतली. घरघर गेली. उरला तो खालच्या कापड कारखान्यातल्या लूमचा खटखटाट. जन्मापासून तो याच खटखटाटावर राहत होता आणि हल्ली त्याला उठता-बसता शिव्या घालत होता.

शेवटी त्याने तिथल्या मुकादम सुकदेवकाकांचे पाय धरले. काका पडले गाववाले, त्यांना नाही म्हणवेना. "जेवायच्या सुट्टीत सगळे लूम बंद ठेवतो. शेठ यायच्या आत उरक."

दुपारी लूम थांबले. योगराजने तार छेडली आणि आवाज कसा धुतल्यासारखा स्वच्छ आला. पण हात एकदा पुढे पळाला, एकदा मागे राहिला. मोबाइलवर टिकटिक लावली, तर तीच चुकतेय असं त्याला वाटायला लागलं.

घामाने निथळत, बनियनवरच तो जिना उतरला. काकांनी भाकरीवरून मान वर केली. "काय व्हयनं रे भाऊ, उरकलं का?"


"काका, तो कडेचा एक लूम तेवढा चालू करता का?"