न विचारता गेलेले

१९६४ सालच्या पानगळीत लेनार्ट गेला. हेडविगबाईंच्या बंदुकांच्या वर्कशॉपमधून गेलेला तो चौथा.

"आता तुमचा स्वतःचा मुलगाही गेला, मिस्त्री," बाई म्हणाल्या. त्यांनी ब्लाझसमोर कॉफी ठेवली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

ब्लाझ त्याच सकाळी ग्राझहून परतला होता. एका उमरावाची रायफल स्वतः नेऊन द्यायची, जंगलात चालवून दाखवायची, म्हणून बाईंनीच त्याला आठवडाभर धाडलं होतं. घरी येऊन बघतो तर लेनार्टची खाट रिकामी, खुंटीवरचा कोट नाही.

"नदीपलीकडे?" त्यानं विचारलं.

"आणखी कुठे? ट्रुपेसाहेबाच्या कारखान्यात. पगार दीडपट, राहायला खोली."

"मला न विचारता?"

बाई एप्रनला हात पुसत राहिल्या.

बंदुका घडवणाऱ्या फेरलाख गावाची रीतच तशी होती. ज्याच्या हाताखाली शिकला त्याला विचारल्याशिवाय पोरानं दुसरीकडे पाय ठेवायचा नाही. टोपी हातात घेऊन यायचं, "जाऊ का, मिस्त्री?" म्हणायचं. तो "जा" म्हणाला की दोघांनी मिळून पेलाभर श्नाप्स दारू प्यायची आणि मोकळं व्हायचं. न विचारता गेला, तर शिकवणारा त्याच्याशी जन्मात बोलायचा नाही. चर्चच्या दारात समोर आला तरी मान फिरवायची. त्या चौघांतल्या एकानंही ब्लाझला विचारलं नव्हतं.

ब्लाझ दुनळी रायफली जुळवायचा. दोन नळ्या शेजारी शेजारी डाक देऊन जोडायच्या, आणि दोघींची गोळी लांबवर एकाच जागी लागली पाहिजे. गोळी झाडायची, कुठे लागली बघायची. जोड आगीवर ऊन करायचा, नळ्यांच्या तोंडांमधली पाचर केसभर सरकवायची, पुन्हा झाडायची. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पोराच्या मनगटावर आपला हात ठेवून शिकवावं लागायचं, तेही वर्षानुवर्षं. कारखान्याकडे नळ्या कापायला यंत्रं होती, पण जुळवायला हात नव्हते.

"एक रायफल व्हायला आपल्याला वर्ष लागतं," बाई म्हणाल्या. "पैसे मिळतात शेवटी. मजुरी मात्र दर शनिवारी द्यावी लागते. नवरा गेल्यापासून हे गाडं मी कसं ओढतेय, माझं मला ठाऊक."

"मजुरी तुम्ही कधी चुकवली नाहीत, बाई. पहिला पोरगा, टोमाश, कारखान्यात गेला त्या हिवाळ्यात तर छपरही नवं घातलंत."

"देव देतो." बाईंनी डोळ्यांना एप्रन लावला. "तुम्ही जाणार नाही ना, मिस्त्री? तुम्ही गेलात तर मी कुलूपच लावीन."

"माझं मरण याच कामाच्या बाकावर," ब्लाझ म्हणाला. "लेनार्टचंही इथंच होईल असं वाटलं होतं. माझ्यानंतर बाक त्याचा. एवढं एकच मागणं होतं माझं."

"नवीन पोरगा बघू का मग?"

ब्लाझनं कॉफी बाजूला सारली.

"बघा," तो म्हणाला.

नाताळात लेनार्ट आला. बर्फातून चालत, काखेत मनुकांचा केक, नाक लाल झालेलं. दार उघडलं तसा हसला.

"बाबा, केक आणलाय. आईसारखा नाही जमला, पण गोड आहे."

"कोण बाबा? कुणाचा बाबा?"

"बरं, रागवा," लेनार्ट हसतच म्हणाला. "थोडे दिवस रागवणारच तुम्ही. मी काही मनावर घेत नाही."

असला निर्लज्जपणा ब्लाझनं कुणात पाहिला नव्हता. त्यानं दार लावून घेतलं. लेनार्ट बाहेर जरा वेळ उभा होता. "बाबा, आता पुरे की," असं एकदा ऐकू आलं. मग बर्फावरची पावलं दूर गेली. केक त्यानं पायरीवरच ठेवला होता. ब्लाझनं तो सकाळी शेजाऱ्याच्या डुकरांना घातला.

ईस्टरला लेनार्ट पुन्हा आला, तेव्हा हसत नव्हता. चर्चच्या अंगणात वाट अडवून उभा राहिला.

"बाबा, माझं चुकलं तरी काय? एवढं सांगा."

भोवती सगळं गाव उभं होतं. ब्लाझनं मान फिरवली.

त्यानंतर तो आला नाही.

पुढे टोमाशनं बंदुका सोडल्या आणि क्लागेनफुर्टला सायकलींचं दुकान टाकलं. ते अजून चालतं म्हणतात. मधले दोघे कारखान्यातच म्हातारे झाले. लेनार्ट बेल्जियमला गेला. लीएजच्या बंदूकवाल्यांत त्याच्या हाताचं मोठं नाव झालं, तिथंच त्यानं लग्न केलं आणि तिथंच छातीच्या दुखण्यानं गेला, चाळिशीही न गाठता. बातमी ब्लाझला महिन्यानं कळली. तो त्या दिवशीही बाकावर बसला, नवीन पोराच्या मनगटावर हात ठेवून. लेनार्टनंतर त्यानं आणखी पाच पोरं घडवली. पाचही न विचारता गेली.

हेडविगबाई १९७९ साली वारल्या आणि वर्कशॉपला कुलूप लागलं. मयतीनंतरच्या जेवणाला ट्रुपेसाहेबही आले होते. काठी टेकत, सूपची वाटी सांभाळत ते ब्लाझशेजारी येऊन बसले. वीस वर्षांत तो त्यांच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आज मात्र त्यानं मान फिरवली नाही. दोघंही म्हातारे झाले होते.

"बाईंसारखा रोखठोक व्यवहार दुसऱ्या कुणी केला नाही," ट्रुपेसाहेब म्हणाले. "पोरगा तयार झाला की त्यांचा निरोप यायचा. मी त्यांना पैसे पोचवायचो, दुसऱ्या दिवशी पोरगा हजर. पण खरं मन तुमचं मोठं, मिस्त्री. पोटचा मुलगासुद्धा दिलात! तो तर हटूनच बसला होता, बाबा ग्राझहून येऊ देत, त्यांना विचारीन, मगच निघेन म्हणून. शेवटी बाईंनी त्याला माझ्यासमोरच समजावलं, 'अरे, तोंडानं जा म्हणवत नाही म्हणूनच तुझा बाबा मुद्दाम गावाला गेलाय. त्याच्या वतीनं मी सांगते, जा.'"