वाट सापडली नाही

"पुन्हा तेच," ती फोनवर म्हणाली. "वाट सापडली नाही."

पलीकडे मास्तरांनी सुस्कारा सोडला. मास्तर म्हणजे शिक्षक नव्हेत. ते ऑफिसातला सर्व्हर सांभाळत, पण दुसऱ्याच्या चुकीवर रेघ मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून मास्तर.

'वाट' हे बारसंही त्यांचंच. बिल्ड करायचं, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालतं सॉफ्टवेअर बनवायचं, तर त्याची हत्यारं कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे मशीनला एका नावाखाली आधीच सांगून ठेवावं लागतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात त्याला. लोक त्याला लांबलचक नावं देतात. मास्तरांनी इंग्रजी अक्षरांत 'वाट' दिलं, आणि तेव्हापासून बिल्ड फसलं की सगळी टीम "वाट लागली" म्हणून मोकळी व्हायची.

आज कोणी हसत नव्हतं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, घरच्या लॅपटॉपवरून ऑफिसच्या सर्व्हरवर संध्याकाळपर्यंत बिल्ड करून दाखवा, मग खुशाल कायम घरून काम करा. नाही जमलं तर सोमवारपासून ऑफिसात. आणि ती ऑफिसात गेली तर दिवसभर आईजवळ कोण? आईचं विसरणं आता चष्मा-किल्ल्यांपुरतं राहिलं नव्हतं. गॅस पेटता ठेवून ती घराबाहेर पडायची. ती ऑफिसात गेली असती तर आईला परगावी दादाकडेच ठेवावं लागलं असतं, आणि दादाने तर आधीच काखा वर केल्या होत्या.

"लॅपटॉपवर चालतंय?" मास्तरांनी विचारलं.

"चालतंय."

"आणि सर्व्हरवर नाही. घरात वाघ, बाहेर शेळी!"

"बाहेरून आलेलं म्हणून फायरवॉल अडवत असेल."

"पाहिलं. नाही अडवत."

"मग परवानग्या?"

"त्याही पाहिल्या. ठीक आहेत."

"राहू द्या, मास्तर. माझ्यापायी तुमचा अख्खा दिवस चाललाय."

"गप्प बस. माझी आई गेली तेव्हा मी इथेच, या खुर्चीत होतो. तुझं तसं होऊ देणार नाही."

मास्तरांचा स्वभाव असा, एकदा मनावर घेतलं की माणूस हटायचा नाही.

तेवढ्यात आई दारात येऊन उभी राहिली. स्वेटर उलटा घातलेला, केस विस्कटलेले.

"बाई, माझी मुलगी कधी येणार?"

"येईल हं. संध्याकाळी."

"ऑफिसातून?"

"हो. ऑफिसातून."

आईचा चेहरा खुलला. "फार गुणाची आहे हो. तुम्ही पाहिलं नाही ना तिला?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने आईला कॉटवर बसवलं, स्वेटर काढून सुलटा घातला, केस विंचरले. आई शहाण्या मुलासारखी बसून राहिली आणि मग तिने परक्या बाईचे मानावेत तसे लेकीचे आभार मानले. हे रोजचंच होतं, तरी रोज नव्याने लागायचं.

लॅपटॉपपाशी परत येते तोच दादाचा फोन.

"झालं का गं?"

"प्रयत्न चाललाय."

"प्रयत्न नको, करूनच टाक. आमचं घर केवढंसं, तुला माहीत आहे. शिवाय आईला तुझी सवय आहे."

"ती मला ओळखत नाही, दादा."

"ओळखत नसली तरी सवय असतेच की," म्हणत दादा स्वतःच हसला.

तिला संताप आला. पण भांडायला वेळ कुठला? मास्तर दुसऱ्या लाइनवर थांबले होते.

"लॅपटॉपवरून सर्व्हरला जी नावं कळवतो ना, त्यांची तुझी फाइल दाखव," ते म्हणाले. "स्क्रीन शेअर कर."

"त्यात काही नाही, मास्तर. दहा वेळा पाहिलीये मी."

"मग अकराव्यांदा मी पाहतो."

तिने फाइल उघडली आणि हळूहळू खाली सरकवत नेली. मास्तर तोंडातल्या तोंडात एकेक ओळ वाचत होते. शेवट आला. काहीच नव्हतं. तिचा अडकलेला श्वास सुटला.

"थांब. जरा वर जा. अजून. आता अक्षरं मोठी कर, अगदी मोठी."

तिने केली.

"हा व्ही छोटा आहे!" मास्तर ओरडले. "पुढची सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली आणि पहिलाच छोटा! तुझ्या लॅपटॉपच्या विंडोजला मोठं काय, छोटं काय, सारखंच. सर्व्हरच्या लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावं. आपल्या लिपीत ही भानगडच नाही, म्हणून डोळ्याला खटकत नाही. त्यात व्ही मोठा असो की छोटा, चेहरा एकच. हात घसरला असेल तुझा, दुसरं काय! बदल आणि चालव."

तिने बदललं आणि चालवलं. ओळींमागून ओळी सरकत गेल्या आणि शेवटी हिरवी खूण आली. बिल्ड झालं होतं.

मास्तरांनीच साहेबांना कळवलं. साहेबांचा निरोप लगेच आला, घरून काम कायमचं मंजूर. दादाला सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "सुटलो बाई!"

"अगं, रडतेस काय वेड्यासारखी?" मास्तर फोनवर म्हणाले. त्यांचाही आवाज जड झाला होता. "आता आईजवळ बस निवांत."

"हो, मास्तर. तुमचे उपकार कसे फेडू?"

आतून हाक आली, "बाई, कुठे आहात?"

"आले," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

सकाळी आई उठायच्या आत तो व्ही छोटा करताना तिला वाटलं होतं, मास्तरांच्या जाड चष्म्यातून हा काही दिसायचा नाही.