कुणी न नेलेलं पुस्तक

वाचनालय आठला बंद होणार होतं आणि तिची वाचायची सत्तावन्न पानं उरली होती.

पुस्तकाशेजारी एक पिवळी चिठ्ठी होती: 'हे पुस्तक का ठेवावे?' दहा वर्षांत कुणी न नेलेल्या पुस्तकांसाठी आजचा दिवस अखेरचा. कुण्या वाचकानं कारण लिहून सही केली, तर पुस्तक कपाटात राहणार. नाहीतर उद्या रद्दीत. बाकीच्या सगळ्यांवर तिनं पाणी सोडलं होतं. हे मात्र सोडवत नव्हतं.

समोर नवरा चष्म्याच्या घराला मोबाइल टेकवून, एका कानात इअरफोनचं बोंडूक घालून मालिका बघत बसला होता.

"अगं, सून अजून दारातच," तो कुजबुजला. "चौथा दिवस. बेलवर बोट ठेवलंय, पण दाबत नाही."

"शुक्रवारी दाबेल."

"तू बघायचं सोडलंस, तुला काय! लिही की 'उत्तम पुस्तक' आणि चल घरी. कोण विचारणार आहे?"

"मी विचारणार आहे."

इथंच ती चौतीस वर्षं ग्रंथपाल होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिनं या कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'संथ. कुणाला सुचवू नये.' पुढं कुणी हे पुस्तक उचललं, की ती म्हणायची, "ते राहू द्या, हे न्या." असं करता करता ते वाळीत पडलं.

पुस्तकातली बाई घराला कुलूप लावून पायरीवर बसली होती. शंभर पानं झाली, तरी बसलेलीच. निवृत्तीनंतर नवऱ्याशेजारी बसून पाहिलेल्या मालिका तिला आठवल्या: दचकलेला चेहरा तीनदा दाखवायचा, मागून ढोल, काय वाटायला हवं ते आधीच सांगून मोकळं. इथं कुणी काही सांगत नव्हतं. त्या बाईनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली, एवढ्यालाच एक पान लागलं. ते वाचून होईतो तिची स्वतःची मूठ घट्ट मिटली होती.

सोळा पानं उरली असताना पान उलटेना. पुढचं पान त्याला कडेनं जोडलेलं होतं, आणि त्यापुढचंही.

"चिकटलीत का?" नवऱ्यानं मान वर केली.

"नाही. पानांची घडी कापलीच नाही. बांधणीतून तशीच सुटली असणार."

"म्हणजे इथवर कुणी पोचलंच नाही?"

"कुणीच नाही."

तो मिश्कीलपणे म्हणाला, "आणि आमच्या बाईसाहेब?"

"बाईसाहेबसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाटत होतं, संपवलं होतं."

तो हसला नाही. तिनं टेबलावरून लोखंडी फूटपट्टी घेतली आणि घडी सरळ चिरत नेली. जुना कागद कुरकुरत उघडला. आतली पानं बाहेरच्यांपेक्षा पांढरी होती.

नवऱ्यानं कानातलं बोंडूक काढलं. "माझी सून राहू दे उभी. तुझ्या पायरीवरचीचं काय झालं?"

"गप्प बसा हो. सोळा पानं आहेत."

नवी ग्रंथपाल लांबच्या कपाटांवरचे दिवे एकेक मालवत येत होती. आठला चार मिनिटं कमी असताना इकडे हिनं शेवटचं पान वाचून पुस्तक मिटलं. चिठ्ठीवर एकच वाक्य लिहिलं, 'ही बाई का उठत नाही, ते शेवटच्या सोळा पानांत कळते,' आणि सही केली.

ग्रंथपालनं चिठ्ठी वाचली, ती लावायला शेवटचं पान उघडलं आणि थबकली.

"मॅडम, हा पेन्सिलीतला शेरा... अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"खोडून टाकते हं. उगाच कुणाच्या नजरेला पडायला नको." तिनं खोडरबर हातात घेतलासुद्धा.

"खोडू नकोस. पडू दे नजरेला. पेन्सिल दे."

नवरा दाराशी चपला घालत होता. तो तसाच एका पायावर थांबला. तिनं पुस्तक स्वतःकडे वळवलं, शेऱ्याच्या अगदी खाली, त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'वरील शेरा पुस्तक पूर्ण न वाचता दिला आहे,' आणि पुढं आपलं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.