मोहाचं कोरडं लाकूड

रीनानं तिसऱ्यांदा चूल विझवली. पळसाच्या धुरानं मटण कडू झालं, बांबू नुसताच भडकला आणि सागाचा वास तिला सोसवला नाही. उद्या तेरवी. बापाच्या नावानं वाढायच्या पानात त्याचं आवडतं, तो स्वतःच्या हातानं धुरावर सुकवायचा तसं मटण हवं होतं. ती पुन्हा उठली आणि परसातली एकेक फांदी नाकाशी नेऊन टाकून देऊ लागली.

"कायले जीव काढून राहिली?" रुख्मा आत्या ओसरीवरून म्हणाली. "भाऊनं धुरासाठी साल काढून ठेवलेली मोहाची थप्पी होती ना, दोन वर्सं सुकवलेली? तेच लाव."

रीनाचे हात थांबले.

"त्या दिवशी पाणी किती होतं, आत्या. सरणाले कोरडं लाकूड गावात कोठंच नव्हतं. मीनंच ते थप्पी काढून देली."

आत्यानं खाली उतरून रीनाच्या हातातली फांदी काढून घेतली.

"मंग बिनधुराचंच शिजवून वाढ, पोरी. तसाही दुसऱ्याच्या हातचा धूर त्याले कधी पटला नाही. अन् लाकूड तं त्यानं संगंच नेलं."