डावा गुलाबी, उजवा गुलाबी

भिंतीवर रंगाच्या नमुन्याचे, फूट बाय फूट, दोन गुलाबी चौकोन होते, खोलीत ताई, भावोजी आणि मी, आणि रंग खरवडायची लोखंडी पत्ती एकच.

"या खोलीला डावा गुलाबी शोभेल," ताई म्हणाली.

"दोन्ही सारखेच दिसतात! पण मी उजवा म्हटलं ना, विषय संपला." भावोजींनी रागानं डाव्या चौकोनावर पत्तीनं एक रेघ ओढली.

ताई किंचाळली. बाही फाटली नव्हती, पण आत दंडावर तेवढीच लांब जखम होती.

भावोजींनी तिच्या दंडाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि सावकाश दुसरी रेघ ओढली.

ताईनं पत्ती हिसकावली आणि उजव्या चौकोनाला टेकवली.

"अगं, गंमत केली गं!"

खरवडलेली जागा मी नंतर मोजली. डावीकडे दोन रेघा. उजवीकडे पूर्ण एक चौरस फूट.