बुटाचा पट्टा

नव्या व्हॅनवाल्यावर वृंदाताईंची पहिल्या दिवसापासून नजर होती. पाळणाघरातल्या मुलांशी एवढी मस्ती करणारा पुरुष त्यांना खटकायचा. त्यात चार वर्षांची शाल्मली व्हॅनमध्ये बसताना रोज रडायची. शेवटी पालकांना सांगून त्यांनी तिची व्हॅन बंद करवली.

तेव्हापासून तिला न्यायला तिचे सख्खे काका येत. सुशिक्षित, मृदुभाषी. शाल्मलीचं रडणं थांबलं. शिवाय ती स्वतःच बूट घालायला शिकली, म्हणून ताईंनी तिच्या हातावर चांदणी चिकटवली होती.

आज काका दारात उभे होते. शाल्मलीनं बुटाचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"आमची राणी फारच नीटनेटकी!" काका हसले.

पट्टा पुन्हा निघाला. ताईंना आठवलं, ती रडायची ते खिडकीच्या जागेसाठी. व्हॅनकडे तर बूट हातात घेऊनच धावायची. त्या तिच्याजवळ खाली बसल्या. "जायचं नाहीये का गं?"

वर न पाहता शाल्मलीनं त्यांचा पदर मुठीत धरला.

ताईंनी तिचे दोन्ही बूट काढून फळीवर ठेवले. "तुम्ही निघा. मी तिच्या आईला बोलावते."

"अहो, मी घरचाच आहे!"

ताईंनी दाराला कडी घातली.