दारातलं पाणी

मुंबईत एका साहेबाच्या घरी कामाला असलेल्या वाल्मिकने पाड्यावर येताना बहिणीसाठी, हिराबाईसाठी, जुनी तसबीर आणली. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचं अमेरिकेतलं बंदर, काळ्या बारीक रेघांनी छापलेलं. काठाला होड्या बांधलेल्या, आणि संथ पाणी थेट घरांच्या पायऱ्यांना टेकलेलं.

"यात माणूस एकबी नाय गो. गेली कुठं सगळी?" हिराबाईचा नवरा नामा हसला.

"तुमाला माणसांचं पडलंय! पाणी बघा की किती हाय ते."

डोळखांबच्या त्या पाड्यावर होळी झाली की विहीर तळाला जायची आणि हंडाभर पाण्यासाठी हिराबाईला डोंगर उतरावा लागायचा. तिने तसबीर देवांशेजारी टांगली आणि सोमवार धरले. रोज दिवा लावला की एक फूल देवाला वाहायची, एक त्या पाण्याला, आणि हळूच म्हणायची, "गंगामाय, अशीच आमच्या दारात ये गो."

पुढच्या उन्हाळ्यात जीपमधून मोजणीवाले आले. त्यातला एक म्हणाला, "मावशी, खाली धरण होतंय. पाणी येणार तुमच्याकडं."

"ऐकलं गो बाय माझं!" हिराबाईने हात जोडले. "दारापर्यंत येईल ना रे दादा?"

ब्रश रंगात बुडवून त्याने तिच्या दाराच्या चौकटीवर, पार कौलांच्या खाली, पाण्याच्या पातळीची लाल रेघ ओढली.

संध्याकाळी दिवा लावला, पण फूल हातातच राहिलं. हिराबाई पहिल्यांदाच त्या चित्रात माणसं शोधत होती.